जुनी गाडी कधी उठते, कधी उठत नाही: बॅटरी-अल्टरनेटर तपासताना या चुका टाळा

सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. शेजारच्या दोघांनी धक्का दिला, गाडी सुरू झाली, आणि संध्याकाळी तीच गाडी पहिल्याच चावीला उठली. ग्वाल्हेरात जुनी गाडी अजून जपून वापरणारी मराठी घरं लश्करपासून मुरारपर्यंत आहेत. त्यांच्या गाड्यांचं हे दुखणं बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात डोकं वर काढतं. मग सगळे म्हणतात, थंडीने बॅटरी गेली. हे निदान अर्धंच खरं आहे. बॅटरीचं खरं नुकसान मे-जूनमध्येच झालेलं असतं. बाहेर पारा ४५ अंशांना टेकलेला असताना बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं, पाणी उडतं, प्लेटा गंजतात. पण उन्हाळ्यात ऑइल पातळ असतं, इंजिन हलकं फिरतं, म्हणून कमजोर बॅटरीही वेळ मारून नेते. थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि लपलेलं दुखणं उघडं पडतं.

अशा येत्या-जात्या बिघाडाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो: तो हजर असतानाच मोजला पाहिजे. दुपारी गाडी व्यवस्थित चालत असताना ती दुकानात नेऊन 'सगळं ठीक आहे' असं ऐकून येणं म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणं. साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो गाडीतच ठेवा आणि ज्या सकाळी गाडी अडेल त्याच सकाळी वापरा.

आधी बॅटरी बदलून बघू

सगळ्यात महाग चूक हीच. नवी बॅटरी मूळ दोष काही आठवडे झाकून ठेवते, मग तीही बसते आणि आपण बॅटरीवाल्याशी वॉरंटीवरून भांडत बसतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चावी लावण्याआधी दोन्ही टर्मिनलांवर व्होल्टेज बघा. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नुकतीच चालवलेली गाडी मोजू नका. तेव्हा आकडा खोटा फुगलेला असतो. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. सेल्फ फिरताना आकडा ९.६च्या खाली जाऊ नये. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फवर ८ला कोसळत असेल तर बॅटरीच गेली. उलट १२.१ दाखवणारी बॅटरी चार्जरवर लावली, १२.६ला आली आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच टिकली, तर तिला दोष देऊ नका. तिला पुरेसं मिळत नाहीये, किंवा रात्री कुणीतरी खातंय.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) आणखी स्पष्ट बोलतो. सहाही सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे. पाच सेल १.२५०च्या वर आणि एकच त्यांच्यापेक्षा ०.०५० किंवा जास्त खाली असेल तर तो सेल मेला, आणि कितीही चार्ज केलं तरी परत येणार नाही.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढणं

'वायर काढ, इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर खराब' ही परीक्षा अजूनही रस्त्याकडेच्या दुकानांत होते. ही सवय डायनॅमोच्या जमान्यातली आहे. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र. त्याच्या बाबतीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळतं. त्यात डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) आणि इंजेक्शनच्या गाडीत थेट कंप्युटरही जळू शकतो. कुणी तसं करायला हात घातला तर नम्रपणे थांबवा. मीटर लावला की तीच माहिती मिळते, आणि काही जळत नाही.

थंड इंजिनवर एकदाच मोजून समाधान मानणं

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावून थोडा ॲक्सिलेटर दिला तरी १३.५च्या खाली उतरू नयेत. १५च्या वर जात असेल तर कटआउट गेलाय. अशा गाडीत पाणी लवकर संपतं, बल्ब वारंवार उडतात.

पण जुन्या अल्टरनेटरची खोडी अशी की थंड असताना तो शहाण्यासारखा वागतो. झिजलेले कार्बन (ब्रश) रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, जेमतेम टेकलेले असतात, खड्ड्यात सुटतात, पुढच्या खड्ड्यात पुन्हा लागतात. रोटरच्या तारेला बारीक तडा असेल तर ती तापल्यावर उघडते आणि थंड झाल्यावर जुळते. म्हणून गाडी अर्धा-पाऊण तास चालवून, तापलेल्या अवस्थेत पुन्हा मोजा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो कायमचा लावून ठेवा. आकडा कधी पडतो ते लक्षात येऊ लागतं: खड्ड्यात, चढावर, पाऊस लागल्यावर, की हेडलाइट लावताच. चार्जिंग बंद असताना अल्टरनेटरच्या अंगावर हातोडीच्या लाकडी मुठीने, फिरत्या बेल्टपासून हात लांब ठेवून, हलकेच ठोकलं आणि चार्जिंग परत आलं, तर बहुतेक कार्बनच. कार्बन स्वस्त असतात. सगळा अल्टरनेटर बदलण्याची घाई करू नका.

बेल्टही इथेच बघा. अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबावा. आतून काचेसारखा चकचकीत झालेला बेल्ट ताणूनही घसरतोच.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा चावी फिरवल्यावर पेटलाच नाही, तर हायसं वाटून घेऊ नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच बल्बमधून अल्टरनेटरला पहिला करंट मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर कधी जागा होतो, कधी जोरात रेस दिल्यावरच होतो.

वायर आणि अर्थ न बघणं

पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत माझा पहिला संशय अर्थवर, म्हणजे करंटच्या परतीच्या जोडणीवर, असतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड पट्टी कुठेतरी खाली, चिखल-तेलात दडलेली असते. तिचा एक बोल्ट गंजला की सेल्फच्या शंभर-दीडशे ॲम्पियर करंटला परतीची वाट राहत नाही, आणि तो मिळेल त्या वाटेने जातो. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलेटरची किंवा क्लचची केबल गरम लागत असेल, तर दुसरी कुठलीच तपासणी करू नका, आधी अर्थ बघा.

नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही. वरून चकचकीत दिसणारी वायर थिंबलच्या (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) आत हिरवी झालेली असते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक, अर्धा व्होल्ट किंवा वर गेलं तर वाटेत अडथळा आहे. मग टोक खांबावरून क्लॅम्पवर, क्लॅम्पवरून वायरीवर, वायरीवरून बॉडीवर असं सरकवत जा. आकडा जिथे उडी मारेल तिथे दोष. पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासा: अल्टरनेटरचा मोठा बोल्ट ते बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब, इंजिन चालू, दिवे लावलेले. अल्टरनेटरवर १४.३ आणि बॅटरीवर १३.२ असेल तर अल्टरनेटर बिचारा त्याचं काम करतोय, वाटेतली वायर खातेय. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती कुणी करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्यापायी लोक चांगल्या वस्तू भंगारात देतात.

रात्रीची गळती विसरणं

मंडळी दिवाळीला पुण्याला गेली, आठवड्याने परतली, आणि गाडी ठप्प. साधा हिशोब करा: अर्धा ॲम्पियर गळती म्हणजे दिवसाला १२ ॲम्पियर-अवर. ३५ ॲम्पियर-अवरची बॅटरी तीन दिवसांत आडवी.

मोजायचं कसं? चावी काढा, दारं बंद करा, निगेटिव्ह क्लॅम्प काढून खांब आणि क्लॅम्प यांच्या मध्ये मीटर १० ॲम्पियरच्या सॉकेटवर लावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मुळीच मारू नका. कंप्युटरवाल्या गाडीत अर्धा तास थांबा. ५० मिलिॲम्पियरच्या आत असेल तर निर्धास्त राहा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या सर्किटमध्ये चोर आहे. बहुतेकदा तो नंतर बसवलेला असतो: म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स हॉर्न, लॉकचा अलार्म. डिकीचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे बघायला मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवा आणि डिकी बंद करा.

सगळे फ्यूज काढूनही गळती तशीच असेल तर अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवरची वायर सोडवा, अर्थात निगेटिव्ह क्लॅम्प आणि मीटर बाजूला करून. ती टेपने गुंडाळून मीटर पुन्हा जोडा. आकडा खाली आला तर डायोड गळतोय. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागणं, ही त्याचीच खूण.

पाणी, टर्मिनल आणि धक्क्यानंतरची घाई

नळाचं किंवा आरओचं पाणी घालू नका, फक्त डिस्टिल्ड. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाणी आणि खायच्या सोड्याने जाते, मग पेट्रोलियम जेली. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, आणि जवळ बिडी-काडी नको, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो.

धक्का मारून सुरू केलेली गाडी दौलतगंजहून महाराज बाड्यापर्यंत नेली म्हणून बॅटरी भरत नाही. पूर्ण बसलेली बॅटरी भरायला अल्टरनेटरला जुंपणं म्हणजे त्याचे डायोड भाजणं. क्षमतेच्या दहाव्या भागाइतक्या करंटवर, ३५च्या बॅटरीला साडेतीन ॲम्पियरवर, चार्जर रात्रभर लावा.

वाटेत लाल दिवा लागला तर

आग्रा रस्त्यावर रात्री चार्जिंगचा दिवा पेटला की पहिली चूक म्हणजे तसंच पुढे जाणं, दुसरी म्हणजे घाबरून इंजिन बंद करणं. आधी बाजूला घ्या आणि इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडा. बेल्ट तुटला असेल तर इंजिन लगेच बंद करा. बऱ्याच जुन्या गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंप फिरवतो, आणि काही मिनिटांत इंजिन तापून त्याचं हेड (वरचा भाग) खराब होतं. बेल्ट शाबूत असेल तर ब्लोअर, म्युझिक, काचेचा हीटर बंद करा. हेडलाइटचे दोन बल्ब मिळून साधारण १० ॲम्पियर घेतात, म्हणजे ३५ची निरोगी बॅटरीही हिशोबाने तीन तास, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी पुरते. तेवढ्या वेळात उजेडाच्या, दुकान असलेल्या ठिकाणी पोहोचा, आणि तिथे जाईपर्यंत इंजिन बंद करू नका, सेल्फ पुन्हा उचलेलच असं नाही.