हुयेला स्वयंसेवक म्हणून जाताना या चुका टाळा

हुये हे रवांडाच्या दक्षिण भागातील, राजधानी किगालीपासून सुमारे १३० किलोमीटरवरचे विद्यापीठाचे शांत गाव. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘बुतारे’ हेच नाव आहे. १९६३ मध्ये देशातील पहिले विद्यापीठ येथे सुरू झाले. मी येथील एका शाळेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून शिकवले आणि नंतर आलेल्या अनेकांना वाट दाखवली. तरीही प्रत्येक नव्या तुकडीत त्याच चुका पाहून जीव तुटतो.

पहिली चूक अभिवादनाची. तेथील किन्यारवांडा भाषेत ‘मुराहो’ म्हणजे नमस्कार, एवढेच पाठ करून लोक येतात. वास्तविक हा शब्द बऱ्याच दिवसांनी भेटणाऱ्यासाठी आहे. रोजच्या शेजाऱ्याला सकाळी ‘म्वारामुत्से’ आणि दुपारनंतर ‘म्विरिवे’ म्हणावे. वडीलधाऱ्यांशी हस्तांदोलन करताना डावा हात उजव्या कोपरापाशी टेकवावा. पहिले पंधरा दिवस मी मोटारसायकल टॅक्सीत बसत नाही, कारण चालत गेल्याशिवाय कोणी भेटत नाही आणि भेटल्याशिवाय भाषा येत नाही.

सर्वांत मोठी चूक मात्र १९९४ बद्दल, म्हणजे हुतू अतिरेक्यांनी केलेल्या तुत्सींच्या वंशसंहाराबद्दल, विचारण्याची घाई. आमच्या तुकडीतील पुण्याच्या एका तरुणाने चौथ्याच दिवशी, जेवताना, एका शिक्षकांना सरळ विचारले, “तुम्ही हुतू की तुत्सी?” एप्रिल महिना होता, म्हणजे देशभर स्मरणाचे दिवस सुरू होते. शिक्षकांनी हातातला काटा ताटलीच्या कडेला ठेवला, “आम्ही रवांडाचे,” एवढेच म्हणाले आणि अर्धे ताट टाकून उठले. पुढचे तीन आठवडे शिक्षकांच्या खोलीत आम्हा सर्वांशीच केवळ अभिवादनापुरते बोलणे उरले. बेल्जियमच्या राजवटीत, १९३० च्या दशकात, ओळखपत्रांवर वांशिक गट नोंदवण्याची पद्धत सुरू झाली आणि १९९४ मध्ये त्याच नोंदी पाहून माणसे मारली गेली. बुतारे प्रांताच्या प्रशासनप्रमुखांनी सुरुवातीला हत्याकांड रोखून धरले होते. एप्रिलच्या मध्यावर त्यांना पदावरून दूर केल्यानंतर गावात आणि विद्यापीठाच्या आवारातही कत्तल झाली. आज ओळखपत्रावर तो रकाना नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर कधी काळी जिवावर बेतत होते, तो प्रश्न पाहुण्याने जिज्ञासा म्हणून विचारावा, हे मला अक्षम्य वाटते. मी स्वतः हा विषय कधीच काढत नाही. त्याच शिक्षकांबरोबर मी अनेक महिने उत्तरपत्रिका तपासल्या, आणि एके संध्याकाळी रुहांदेच्या वृक्षउद्यानातून परतताना त्यांनी आपणहून आपल्या धाकट्या भावाचे नाव सांगितले. मी काहीही विचारले नाही. आम्ही फाटकापर्यंत सोबत चालत आलो.

तिसरी चूक वर्गातील. २००८ मध्ये सरकारने शिक्षणाचे माध्यम फ्रेंचऐवजी इंग्रजी करण्याचा निर्णय घेतला, पण अनेक ज्येष्ठ शिक्षकांचे स्वतःचे शिक्षण फ्रेंचमध्ये झालेले असते. विद्यार्थ्यांसमोर त्यांचे इंग्रजी सुधारणाऱ्या स्वयंसेवकाला मी त्याच दिवशी बाजूला घेऊन बोलतो. सुधारणा सुचवायचीच असेल तर ती तास संपल्यावर, चहा घेताना आणि त्यांनी विचारल्यासच सुचवावी.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी प्रवास ठरवू नये. ‘उमुगांदा’ या सामूहिक श्रमदानासाठी दुकाने आणि बससेवा अकराच्या सुमारापर्यंत बंद असतात. घरी बसून राहण्यापेक्षा शेजाऱ्यांबरोबर फावडे घेऊन जावे. रस्त्याने चालताना खाऊ नये. आपल्याकडे त्यात कोणाला वावगे वाटत नाही, तेथे ते असभ्य समजले जाते. आणि सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून नेऊ नये, कारण २००८ पासून त्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतल्या जातात. मी दोन कापडी पिशव्या नेतो: एक कपड्यांना, एक बाजाराला.