बाजारातून आणलेलं जनावर २८ दिवस वेगळं बांधा

पोळा झाला की जनावरांचे बाजार तेजीत येतात. ऊसतोडीला निघणारे लोक बैल बदलतात, दिवाळीच्या दुधासाठी गाय-म्हैस घेतली जाते. नवं जनावर दारात आलं की पायावर पाणी, कपाळाला कुंकू, आणि त्याच संध्याकाळी ते जुन्यांच्या दावणीला. तोंडाखुरांना फोड आणणारा लाळ्या खुरकूत आणि अंगावर गाठी उठवणारा लम्पी गोठ्यात शिरतात ते बहुतेक वेळा याच संध्याकाळी.

"चार दिवस वेगळं ठेवलं होतं की," असं नंतर सांगतात. चार दिवसांत काही कळत नाही. देशादेशांतल्या जनावरांच्या व्यापारासाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमावलीत रोग अंगात दबून राहण्याचा काळ असा धरला आहे: लाळ्या खुरकूत १४ दिवस, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) २१ दिवस, लम्पी २८ दिवस. म्हणून गाय-बैल-म्हैस २८ दिवस, शेळी-मेंढी २१ दिवस. लाळ्या खुरकुतात तर फोड दिसायच्या आधीच लाळेतून आणि दुधातून विषाणू बाहेर पडायला लागतो. बाजारात तजेलदार दिसलं याला काही अर्थ नाही.

वेगळं म्हणजे गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. निदान ५० फूट लांब, दुसऱ्या छपराखाली किंवा झाडाखाली. तिथलं मूत-पाणी जुन्या गोठ्याकडे वाहणार नाही अशा उताराला. बादली, घमेलं, दावं, मोरकी, खराटा सगळं निराळं. हौद तर अजिबात एक नको. रोज आधी जुन्या जनावरांचं काम, धार, शेण; नव्याचं शेवटी. उलट केलंत तर ५० फूट अंतराचा उपयोग शून्य, कारण रोग तुमच्या हातापायांनी चालत जातो. रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा. १०३ फॅरनहाइटच्या वर ताप, लाळेची तार, पाय झटकणं, अंगावर गाठी, यातलं एक जरी दिसलं तरी डॉक्टर. आमचा एक अंदाज, कुठल्या पुस्तकात नाही: नव्या जागेत पहिल्या दिवशी वैरण टाकणारं जनावर बुजलेलं असतं, पण खायला लागून पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा टाकायला लागलं तर तो रोगच समजा.

आता फिनेलबद्दल. लाळ्या खुरकुताचा विषाणू शेणामातीत असताना फिनेलला फारसा दाद देत नाही. दुकानदार महागड्या रंगीत बाटल्या पुढे करतो, त्यातल्या बऱ्याच याच कामाला कुचकामी. हा विषाणू आम्लात आणि अल्कलीत मरतो. आधी शेण खरवडून जागा धुवा, मग धुण्याचा सोडा ४०० ग्रॅम १० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा. दाराशी याच पाण्यात भिजवलेलं पोतं ठेवा, सुकू देऊ नका. लम्पीला फिनेल चालतं, पण तिथे खरं काम माश्या, डास आणि गोचीड आवरण्याचं.

लस:
– लाळ्या खुरकूत: दर ६ महिन्यांनी, सरकारी लस मोफत
– वासरू ४ महिन्यांचं झालं की पहिली मात्रा, महिन्याने दुसरी
– मोठ्या जनावराला बहुधा २ मिली; डोस लेबलवरचाच
– लस बर्फात गोठवायची नाही, २ ते ८ अंश सेल्सिअस
– कानातला १२ अंकी बिल्ला, नोंद 'भारत पशुधन' या सरकारी पोर्टलवर

लस टोचल्या दिवशी ताकद येत नाही, दोन-तीन आठवडे लागतात. पोळ्यापासून दसरा सुमारे ४० दिवसांवर. बैलाला आधी कधीच लस नसेल तर पहिली पोळ्याला, दुसरी चार आठवड्यांनी. मग दसऱ्यानंतर गाडी जुंपताना तो तयार असतो. निघायच्या आदल्या दिवशी टोचणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. आणि लस झाली म्हणून २८ दिवस माफ होत नाहीत.

लाळ्या खुरकूत रोग आलाच तर तोंड १ लिटर पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट घालून धुवा, मग बोरोग्लिसरीन. खुरं १ टक्का मोरचुदाच्या पाण्याने. वासरू आजारी आईला पिऊ देऊ नका. या रोगात हृदयावर घाव बसून वासरं फोड न येताच पटकन मरतात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. जखम चिघळली तर काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, औषध दुकानाच्या काउंटरवर ठरत नाही.

आणि लपवू नका. बाजार बंद होईल, दूध नाकारतील या भीतीने लोक गप्प बसतात. पण नमुना गेला तरच भुवनेश्वरच्या राष्ट्रीय संस्थेत कळतं की लाळ्या खुरकुताच्या विषाणूचा ओ, ए, एशिया-१ यातला कुठला प्रकार फिरतोय आणि लस त्याला लागू पडते का. ही माहिती देशादेशांत फिरते, आणि ती फिरावीच लागते. १९९० मध्ये भारतात प्रथम आढळलेला ओ प्रकारातला विषाणू पसरत पसरत २००१ साली ब्रिटनला पोचला. तिथे ६० लाखांहून जास्त जनावरं मारली. बुळकांडी, गुरांचा जीवघेणा साथरोग, २०११ मध्ये जगातून गेली, ती लसीइतकीच गावोगावच्या खबरांमुळे. पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ या फोन नंबरवर त्याच दिवशी सांगा.

साखर कारखान्याच्या तळावर हौद सामाईक असतो. आपल्या बैलांना बादलीनेच पाजा. हंगाम संपवून घरी आलेले बैल बाजारातून आणल्यासारखेच धरा: २८ दिवस वेगळे. मधेच दुसरं जनावर आणून त्यांच्याजवळ बांधलंत तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.