फँटसी कादंबरी लिहिताय? वेगाच्या या चुका टाळा

अमेरिकी फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २०२२च्या मार्चमध्ये जाहीर केलं, की महासाथीच्या काळात त्यांनी वाचकांना पत्ता लागू न देता चार जादा कादंबऱ्या लिहून ठेवल्या. उलट जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालिकेचा पाचवा खंड आला २०११मध्ये, आणि सहाव्यासाठी वाचक ताटकळलेत. ही दोन टोकं पाहून नवे लेखक एकतर पानं पाडत सुटतात, नाहीतर पहिलं प्रकरण वर्षभर घासत बसतात.

छापल्याच्या तारखेवरून वेग ठरवणं

सँडरसन यांची पहिली छापील कादंबरी २००५ची, पण लिहिण्याच्या क्रमानं ती सहावी. आज दिसणारा झपाटा आधीच्या, पडून राहिलेल्या पाच बाडांवर उभा आहे. टोल्किन यांनी १९३७च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही महाकादंबरी १९४९मध्ये हातावेगळी झाली. तीही ऑक्सफर्डची प्राध्यापकी सांभाळून, आणि सुरुवातीची प्रकरणं पुन्हापुन्हा लिहून. म्हणजे ‘संथ’ लेखकानंही कागद कमी खर्च केलेला नाही.

रोजचं लक्ष्य फुगवणं

महिन्यात ५०,००० शब्द, म्हणजे रोज १,६६७. नोकरी करणाऱ्याचे दोन दिवस हुकले की तिसऱ्या दिवशी ५,००० अंगावर येतात, आणि वही बंद होते. ब्रिटिश फँटसी लेखक टेरी प्रॅचेट नोकरीत असताना रोज ४०० शब्द लिहीत. ४०० गुणिले ३०० दिवस, १,२०,००० शब्द झाले. एक जाडजूड कादंबरी.

मराठीत तर इंग्रजी आकडे जसेच्या तसे घेऊच नका. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतात. रोज ३०० मराठी शब्द हे प्रामाणिक लक्ष्य आहे.

अडलं की वाक्यं घासणं

सर्वांत जास्त महिने इथे जातात. मार्टिन यांनी तिसऱ्या खंडानंतर कथेत पाच वर्षांची उडी घ्यायचं ठरवलं होतं. लहान पात्रांना ती सोयीची होती, पण मोठ्या पात्रांच्या बाबतीत मधल्या घडामोडी पूर्वस्मृतींत कोंबाव्या लागत होत्या. शेवटी उडी रद्द झाली आणि चौथा खंड २००५ उजाडेपर्यंत आला नाही. तिथे हात मंद नव्हता, बांधणी अडली होती.

तुमचाही एकच प्रसंग तिसऱ्यांदा लिहूनही जमत नसेल तर त्याची भाषा सोडा आणि दोन-तीन प्रकरणं मागे जा. या पात्राला इथे नेमकं काय हवंय? त्याला हे आत्ताच का कळलं? आणि जादू: पाचव्या प्रकरणात जखम भरून आणणारी मांत्रिकीण विसाव्यात राजाला मरू का देते? प्रत्येक शक्तीसमोर तिची किंमत आणि मर्यादा असे दोन रकाने भरा. रिकामा रकाना सापडला, की बहुतेक वेळा गाठही तिथेच सापडते.

नकाशालाच लेखन समजणं

वंशावळी, लिपी, चलन यांत मजा येते, म्हणूनच धोका. येत्या तीन प्रकरणांना लागेल तेवढंच ठरवा आणि त्याची वेळ शब्दसंख्येत धरू नका.

लिहिता लिहिता मागचं दुरुस्त करणं

चाळिसाव्या पानावर सेनापती पुरुषाची बाई झाली तर मागची पानं उघडू नका. समासात ‘इथून सेनापती बाई’ एवढं लिहा आणि पुढे चला. नाहीतर पहिली पन्नास पानं लखलखीत होतात आणि शेवट कधीच येत नाही.

खर्डा पूर्ण झाला की तीन आठवडे हात लावू नका. त्याहून जास्त ठेवून फायदा नाही. हस्तलिखित म्हणजे लोणचं नव्हे. मग आधी कथानक, नंतर प्रसंग, सर्वांत शेवटी वाक्यं. हा क्रम उलटला तर घासूनपुसून चकचकीत केलेला प्रसंगच पुढे कापावा लागतो, आणि तो कापायला हात धजत नाही. दुसऱ्या खर्ड्यात दहा टक्के शब्द कमी करा: १,२०,०००चे १,०८,०००. त्या दिवसांत वहीत शब्द नव्हे, तपासून झालेली पानं मोजा. नाहीतर छाटणीचा प्रत्येक दिवस तोट्याचा दिसतो.