नागपुरात लहान मुलांची नर्सरी काढताय? अंगणात पेव्हर टाकायच्या आधी एवढं बघा

नर्सरीचं अंगण करताना सगळ्यात आधी सावलीचा विचार करा, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि आर्टिफिशियल लॉन, रबर मॅट तर असे तापतात की लेकरांना पाय ठेववत नाही. आधीच कडुनिंब असेल तर अजिबात तोडू नका बाप्पा, त्याच्याच खाली मातीचा कोपरा करा. आपली काळी माती पावसात नुसती चिकटते अन् उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यात रेती आणि शेणखत मिसळा. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली, किंडरगार्टन हे नाव तिचंच, तिथे मुलांना स्वतःचे वाफे असायचे. तुम्हीही प्रत्येकाला हातभर तरी जागा द्या, मेथी-मूग पेरायला सांगा, तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, एवढ्या लहान वयात त्याहून जास्त वाट बघवत नाही. कुंपणाला कण्हेर मात्र नको, विषारी असते, मुलं पानं तोंडात घालतात. रेतीचा खड्डा रात्री झाका, नाहीतर मांजरं घाण करतात. पाण्याची टाकी उघडी ठेवू नका, डेंग्यूचे डास होतात, खेळायचं पाणी रोजच्या रोज झाडांना ओता, ते काम पोरांनाच द्या.