हॅलोवीनची लाइटिंग: दिवे सोडा, जोड बघा, आणि या चुका टाळा

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लेक पोर्चवरच्या खुर्चीत सांगाडा बसवते आणि आमच्या न्यू जर्सीच्या घराची लाइटिंग सुरू होते, ती तुळशीचं लग्न लागेपर्यंत उतरत नाही. 2024 मध्ये तर इथे हॅलोवीन आणि लक्ष्मीपूजन एकाच संध्याकाळी आलं, 31 ऑक्टोबरला. दाराशी चॉकलेटं मागणारी भुतं आणि आत पाटावर लक्ष्मी. इतक्या वर्षांत शॉक कुणाला बसला नाही, पण माळा गेल्या, ब्रेकर पडले, एकदा प्लगचं प्लास्टिक मऊ झालेलं हाताला लागलं. दर वेळी आम्ही दोष दिव्यांत शोधला आणि तो निघाला जोडात. वायर जिथे दुसऱ्या वायरला भेटते, किंवा भिंतीतल्या सॉकेटला भेटते, तिथे.

बाहेरचा पॉइंट सारखा पडतो, म्हणून खिडकीतून वायर घेणे

दुपारी सगळं झकास चालतं. संध्याकाळी दव पडायला लागलं, नाहीतर शेजारच्यांचा स्प्रिंकलर सुरू झाला, की पोर्चवर मिट्ट काळोख. रीसेट दाबलं की दोन मिनिटं चालतं, परत टक्. तोवर पोरं दारात यायची वेळ झालेली असते आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "जाऊ दे ना, हॉलमधून वायर घे."

घेऊ नका. तो टक् आवाज म्हणजे बिघाड नव्हे. टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणं असलेलं ते सॉकेट म्हणजे जीएफसीआय. अमेरिकेच्या विजेच्या नियमावलीने घराबाहेरच्या सॉकेटांना हे संरक्षण 1973 पासून घातलं. त्याआधीच्या घरात ते नसूही शकतं, तेवढं बघून घ्या. एका तारेने गेलेला करंट दुसरीने तेवढाच परत येतोय का, एवढीच त्याची नजर असते. सुमारे 5 मिलिअँपियरचा फरक दिसला की क्षणार्धात तोडतं. आपल्याकडे घरात गळती झाली की वीज तोडायला बसवतात ती आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपियरची असते, यावरून हे किती हळवं आहे ते कळेल. फरक पडला म्हणजे तेवढा करंट वेगळ्याच वाटेने जमिनीत चाललाय. ती वाट ओल्या पानांची असेल, नाहीतर ओल्या चपलेत उभ्या असलेल्या माणसाची. पान कोणतं आणि माणूस कोण हे त्याला ओळखता येत नाही, म्हणून ते दोन्ही वेळा तोडतं. हॉलमधल्या सॉकेटला हे संरक्षण बहुधा नसतं. तिथून वायर घेतली की लाइटिंग रात्रभर चालेल, आणि गळतीही रात्रभर चालेल. वर खिडकी त्या वायरवर आवळून बसलेली असते, ते वेगळंच.

खरा दोष शोधायला दहा मिनिटं लागतात. बाहेरचं सगळं काढा, हात कोरडे करा, रीसेट दाबा. मग एकेक वस्तू लावत जा. जिच्यापाशी पडलं ती बाजूला ठेवा. गेल्या वर्षी माझा सगळा संशय फुगणाऱ्या भुतावर होता. पंखा, मोटर, चोर तोच असणार. तो निर्दोष निघाला. दोन एक्स्टेन्शनचा जोड हायड्रेंजियाच्या बुंध्याशी मेपलच्या पानांत पुरला गेला होता. ओढून वेगळा केला तर पितळी पात्यांवर हिरवट थर आणि आत चक्क एक थेंब.

तेव्हापासून जोड विटेवर ठेवते, जमिनीपासून वर आणि तोंड आडवं किंवा खाली. पिशवीत गुंडाळून वरून टेप मारायची आपली सवय इथे उलटते, कारण दव आतच साचतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. वायर सॉकेटकडे वरून उतरवत आणू नका. आधी खाली झोळ सोडा, मग वर न्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. आणि प्लग लावलेला असतानाही बंद होणारं फुगीर झाकण सॉकेटवर बसवून घ्या. स्वस्त असतं.

पॉइंट मेलाय, ब्रेकर मात्र जागेवर

ही चूक कमी, घोळ जास्त. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत बाहेरचं साधं दिसणारं सॉकेट आतल्या कुठल्यातरी जीएफसीआयच्या पुढे जोडलेलं असतं. आतला पडला की बाहेरचंही मरतं. तो आतला गॅरेजमध्ये असेल, बेसमेंटमध्ये असेल, कधी कधी चक्क बाथरूममध्ये. आम्ही बाहेरच्या सॉकेटशी तासभर झटापट केली, दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवायचं ठरवून जेवायला बसलो. आमचा रीसेट गॅरेजमध्ये बासमतीच्या पोत्यांमागे होता, ते पुढच्या रविवारी पोतं हलवल्यावर कळलं. आता ब्रेकरच्या पॅनेलच्या दाराच्या आत चिठ्ठी चिकटवली आहे: "पोर्च – गॅरेज, डावी भिंत". महिन्यातून एकदा टेस्टचं बटणही दाबा. दाबून वीज गेली नाही, तर ते सॉकेट बदलायला झालंय.

पुण्याहून आणलेली माळ लावणे

आई येताना तापकीर गल्लीतून चार माळा घेऊन आली होती. "इथल्या दिव्यांना तो रंग नाही गं." खरंय, नाहीच. पण त्या माळा 230 व्होल्टच्या आणि इथे भिंतीत 120. ट्रॅव्हल ॲडॉप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज तेच राहतं.

लावली तर काय होतं? सहसा काहीच नाही, किंवा मेल्यासारखा मंद उजेड. माळेत एलईडी एकामागे एक रांगेने जोडलेले असतात आणि प्रत्येकाला पेटायला रंगाप्रमाणे साधारण 2 ते 3 व्होल्ट लागतात. कारागिराने रांग 230 च्या हिशोबाने लांब केलेली असते, तिला 120 पुरत नाहीत. इथवर धोका फारसा नाही. धोका पुढच्या हट्टात आहे. मग लोक व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आणतात, घरात वापरायचा तो डबा पोर्चवर ठेवतात आणि पाण्यासाठी न बनवलेल्या बारीक तारांत 230 व्होल्ट सोडतात. त्यातून ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा असेल, तर पलीकडची गळती आपल्या त्या हळव्या जीएफसीआयला दिसतच नाही.

उलट दिशेची चूक जास्त नेत्रदीपक असते. इथल्या सेलमध्ये घेतलेल्या माळा भेट म्हणून पुण्याला नेणे. चपट्या पिना तिथल्या बहुउपयोगी सॉकेटात छान बसतात, आणि 120 ची माळ 230 वर एक झगझगाट करून कायमची झोपते. नशीब चांगलं असेल तर प्लगमधला फ्यूज आधी उडतो. दोन्ही देशांत चालणारी भेट हवी असेल तर यूएसबीवरच्या माळा न्या. त्या 5 व्होल्टच्या.

आईच्या माळा आमच्याकडे देवघराभोवती तोरणासारख्या बांधलेल्या असतात, न पेटवता. ती दर वर्षी नव्याने नाराज होते.

माळेच्या शेपटाला धुराचं मशीन

इथल्या माळेच्या शेवटी पुढची माळ जोडायला एक सॉकेट असतं. ते फक्त माळेसाठी. आमच्या घरी एकाने (नाव घेत नाही, पण लग्न माझ्याशीच झालंय) धुराचं मशीन त्यात खोचलं. मशीन लहानच, 400 वॉटचं. 120 व्होल्टला 400 वॉट म्हणजे 3.3 अँपियर, आणि माळेच्या प्लगमधला फ्यूज 3 चा. तो गेला हे बरंच झालं, नाहीतर केसाएवढ्या तारा तापत राहिल्या असत्या. फ्यूज प्लगच्याच पोटात, सरकत्या झाकणाखाली असतो, आणि जादाचे दोन बहुतेक वेळा खोक्यातल्या इवल्याशा पिशवीत येतात. फेकू नका. पण उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालायची युक्तीही लढवू नका.

जुन्या काचेच्या बारीक बल्बांची 100 ची माळ साधारण 40 वॉट घेते. अशा तीनच एकापुढे एक जोडायच्या. एलईडीच्या कितीतरी जास्त चालतात, आकडा खोक्यावर असतो. जुनी आणि एलईडी एका रांगेत मिसळू नका.

पूर्ण सर्किटचा हिशोबही एकदा करून ठेवा. 15 अँपियरचा ब्रेकर म्हणजे 1800 वॉट, पण तीन तास किंवा जास्त चालणारा भार त्याच्या 80 टक्क्यांतच, म्हणजे 1440 वॉटमध्ये बसवायचा. एलईडींनी तो कधीच भरत नाही. भरतो तो धुराचं मोठं मशीन आणि त्याच सर्किटवर गॅरेजमधला जुना फ्रिज असला की.

एक्स्टेन्शन घेताना वायरीवर छापलेली अक्षरं वाचा. त्यात डब्ल्यू असेल तरच ती बाहेरची. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड, हे लक्षात ठेवायला मला दोन वर्षं लागली. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, हात काढावासा वाटला तर भार जास्त आहे किंवा पाती सैल आहेत.

अर्धीच माळ पेटते

100 च्या जुन्या माळेत मुळात 50-50 च्या दोन रांगा असतात. अर्धी गेली म्हणजे बहुधा त्या रांगेत एखादा बल्ब खोबणीतून सैल झालाय. प्लग काढा, मग एकेक दाबत जा. मेलेला भाग कापून दोन टोकांना पीळ देऊन काळी टेप गुंडाळू नका. गणपतीच्या मांडवात आपण हे सर्रास पाहिलंय, पण रांगेतून काही बल्ब कमी केले की उरलेल्यांवर व्होल्टेज वाढतं आणि तेही तापून लवकर जातात.

बारीकसारीक, पण चटके देणारं

धुराच्या मशीनमध्ये द्रव भरायचा तो प्लग काढून आणि मशीन गार झाल्यावर. आतला हीटर कोरडा चालवू नका. धुराने स्मोक अलार्म वाजला तर मशीन बाहेर न्या, अलार्मची बॅटरी काढू नका. कोळ्याचं खोटं जाळं काचेच्या बल्बांवर किंवा हॅलोजनवर ताणू नका, ते पेट घेतं. कोरलेला भोपळा आतून ओला असतो, त्यात भिंतीच्या विजेचा बल्ब घालायचा नाही. बॅटरीचा दिवा ठेवा. त्यातल्या नाण्यासारख्या बॅटरीचं झाकण स्क्रूचं हवं. पोराने ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, थेट इमर्जन्सी गाठा.

तिसरी पिन सॉकेटात बसत नाही म्हणून मोडू नका. वायर ठोकायला लोखंडी स्टेपल नको, प्लास्टिकच्या क्लिप घ्या. पायवाटेवरून वायर आडवी नेऊच नका, पायपुसण्याखालून तर नाहीच. झगा घातलेलं, मुखवट्यातून जेमतेम दिसणारं सहा वर्षांचं पोर त्यात हमखास अडकतं. आणि छताच्या कडेला माळ लावायला ॲल्युमिनियमची शिडी नेणार असाल, तर आधी वर बघा. खांबावरून घरात येणाऱ्या तारेपासून शिडीचं टोक निदान 10 फूट लांब हवं.

टायमर घराबाहेर वापरायचाच घ्या. सणाच्या तात्पुरत्या लाइटिंगला नियमावलीत 90 दिवसांची मुदत आहे, तोवर दिवाळी नक्की उरकते. उतरवताना माळ ओढू नका. आधी प्लग काढा आणि दवात भिजलेली माळ दोन दिवस गॅरेजमध्ये वाळू द्या, मगच खोक्यात. आमच्या एका खोक्यावर मार्करने लिहिलंय: "मधला जोड सैल, पुढच्या वर्षी टाकून देणे". तीन वर्षं झाली. या नोव्हेंबरात टाकते.