मांजराच्या ट्रेचा वास: थर, ओल आणि झारा

नसबंदी झालेल्या मांजराची लघवी ताजी असते तेव्हा तिचा वास घरभर होत नाही. नाकात चढतो तो नंतरचा. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि त्यासाठी त्यांना ओल, ऊब आणि वेळ एवढंच लागतं. त्यात मांजर पाणी कमी पितं, त्यामुळे लघवी मुळातच दाट. म्हणून मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये काय शिंपडायचं हा प्रश्न शेवटचा. ओल किती लवकर बाहेर निघते, हा पहिला.

नसबंदी न झालेल्या बोक्याचं मात्र वेगळं आहे. त्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि ते फुटलं की गंधक असलेली, अतिशय उग्र वासाची द्रव्यं तयार होतात. वर तो शेपूट उभी करून भिंतीवर, दारावर, गाडीच्या चाकावर फवारे मारतो ते निराळंच. यावर कोणतंही लिटर (ट्रेमध्ये भरायची माती किंवा दाणे) चालत नाही. पाच-सहा महिन्यांचा झाला की नसबंदी करून घ्या. गावातला पशुवैद्यक करत नसेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्यात विचारा. शस्त्रक्रियेनंतर वास लगेच जात नाही, काही आठवडे जातात. तोवर धीर धरा.

ट्रे केवढा, किती, कुठे

दुकानात मिळणारे बहुतेक ट्रे लहान असतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर मोजा, ट्रेची लांबी त्याच्या दीडपट हवी. मोठ्या बोक्यासाठी प्लॅस्टिकची सामान ठेवायची पेटी घेऊन एका बाजूला १२-१५ सेंटिमीटर उंचीवर कापून दार केलं, तर ती दुकानातल्या ट्रेपेक्षा चांगली पडते. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून घ्या. बांधकामाचं लोखंडी घमेलं नको, गंजतं आणि गंजलेल्या खडबडीत पृष्ठभागात लघवी मुरते. प्लॅस्टिकही कायमचं नसतं. नख्यांनी चरे पडतात, त्यात वास बसतो आणि मग धुऊनही जात नाही. स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या, रिकाम्या ट्रेला नाक लावून बघा. वास आला तर तो ट्रे बदलायला झाला, वर्षभरात ही वेळ येतेच. स्टीलचा खोल ट्रे मिळाला तर हा खर्च एकदाच.

मांजरं जितकी, त्याहून ट्रे एक जास्त. दोन मांजरं असतील तर तीन ट्रे, आणि तिन्ही शेजारी-शेजारी मांडायचे नाहीत. मांजराच्या लेखी ते एकच ठिकाण होतं.

जागा निवडताना बहुतेक घरांत ट्रे न्हाणीघरात किंवा मोरीत जातो, कारण तिथे फरशी धुता येते. पण तीच घरातली सगळ्यात ओली जागा. गीझरची वाफ, सांडलेलं पाणी, बंद दार, आणि लिटर दोन दिवसांत मऊ पडतं. त्यापेक्षा जाळी लावलेली बाल्कनी, जिन्याखालची हवेशीर जागा, मागची पडवी बरी. पावसाची झड आत येत नाही ना, एवढं बघा. झाकणाचा ट्रे दिसायला बरा दिसतो, पण अमोनिया आतच कोंडतो. आपल्याला वास येत नाही म्हणून साफ करायचं राहून जातं, आणि मांजर एक दिवस सरळ सोफ्यामागे जाऊन बसतं.

लिटर आणि त्याचा थर

गोळा होणारं लिटर म्हणजे बेंटोनाइट माती, आपल्याकडे ती मुख्यतः कच्छ आणि राजस्थानातून येते. ओल लागली की फुगते आणि लघवीभोवती गच्च गोळा धरते. तो गोळा अखंड उचलला की लघवीही ट्रेबाहेर. सगळं इथेच आहे, आणि बिघडतं तेही इथेच: लोक लिटर वाचवायला दोन-तीन सेंटिमीटरचा पातळ थर देतात. लघवी गोळा व्हायच्या आत तळाला पोचते, तिथे चिखल होऊन चिकटते, खरवडताना त्याचा चुरा होतो आणि तो चुरा उरलेल्या चांगल्या लिटरमध्ये मिसळतो. तीन दिवसांत अख्खा ट्रे वास मारतो आणि दोष जातो लिटरच्या कंपनीवर.

थर ६ ते ७ सेंटिमीटर हवा. तळ आतून ५० बाय ३५ सेंटिमीटर असेल तर ६ सेंटिमीटरला साडेदहा लिटर माती लागते, वजनात साधारण नऊ-दहा किलो. पहिल्यांदा जास्त वाटतं. पण पातळ थर चार दिवसांनी अख्खा फेकावा लागतो आणि जाड थर रोज थोडी भर घालत तीन-चार आठवडे चालतो, त्यामुळे महिन्याला हेच स्वस्त पडतं.

बेंटोनाइट स्वस्तात मिळतं म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात भरायची पावडर कुणी सुचवलं तर घेऊ नका. ती पिठासारखी असते. धूळ मांजराच्या आणि तुमच्या छातीत जाते, आणि ओली झाली की गोळा न होता लगदा होतो. लिटरला बारीक रव्याहून जाड, साधारण १ ते ३ मिलिमीटरचे दाणे हवेत. सुगंधी लिटरही टाळा. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, लॅव्हेंडरचा घमघमाट त्याला सोसत नाही. तीन-चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर गोळा होणारं लिटर नकोच, पिल्लं ते खातात. त्यांना कागदाचं किंवा लाकडी पेलेट (दाबून केलेल्या लहान कांड्या) द्या.

पाइनचे लाकडी पेलेट हा चांगला दुसरा पर्याय. लघवी शोषून त्यांचा भुसा होतो. खाली भोकं असलेला ट्रे आणि त्याखाली साधा ट्रे अशी जोडी ठेवली की भुसा खाली पडतो. खालचा ट्रे रोज रिकामा करा. बॉयलरसाठी विकले जाणारे पेलेट घेऊ नका, त्यात काय काय दाबलंय ते कळायला मार्ग नसतो.

आता आपल्या सातारा-सांगली भागात सहज मिळणाऱ्या गोष्टी. वाळू गोळा होत नाही, लघवी तळाला साठते. वापरायचीच असेल तर दर दोन दिवसांनी सगळी बदला. वखारीतला भुसा चालतो, पण तो रंग-पॉलिश न लागलेल्या लाकडाचा आणि चाळलेला हवा, आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. भाताचं तूस वरून गुळगुळीत असतं, पाणी पीतच नाही. आणि चुलीतली राख, जिच्यावर जुन्या पिढीचा फार भरवसा: अंगणातल्या शीवर टाकायला ठीक, ट्रेमध्ये नको. राख अल्कधर्मी असते. लघवीत विरघळलेला अमोनिया अल्कधर्मी ओलीत वायू होऊन जास्त सुटतो, म्हणजे वास उलट वाढतो. शिवाय पंजाला लागलेली राख मांजर चाटतं. चुना टाकला तर हेच, आणखी वाईट.

लिटर बदलायचं असेल तर जुन्यात नवं मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. एकदम बदललं की काही मांजरं रुसतात.

रोजचं काम

दिवसातून दोनदा गोळे काढा, सकाळी आणि रात्री. दुकानातल्या प्लॅस्टिक स्कूपची फट बहुधा जास्त रुंद असते, लहान तुकडे खाली पडतात. भांड्यांच्या दुकानातला बुंदी पाडायचा स्टीलचा झारा या कामाला उत्तम (अर्थात तो पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही अशी खूण करून ठेवा). झारा गोळ्यावर दाबू नका. कडेने, तळाला टेकवून हळूच खाली सरकवा आणि गोळा अखंड वर उचला. मांजर नुकतंच उठून गेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा, ताजा गोळा मऊ असतो आणि फुटतो. उचलल्यावर झारा हलका हलवा, चांगलं लिटर खाली पडू द्या. जेवढं गेलं तेवढं नवं घालून थर पुन्हा ६ सेंटिमीटरवर आणा. आठवड्यातून एकदा कोपरे तपासा. बरीच मांजरं कडेला टेकून करतात आणि भिंतीवरून ओघळलेली लघवी लिटरखाली सुकून बसते. घरात ‘कुठून वास येतोय कळत नाही’ अशी तक्रार असली की पहिल्यांदा हीच जागा बघावी.

तीन-चार आठवड्यांनी सगळं लिटर फेका, ट्रे गरम पाणी आणि भांडी घासायच्या साध्या, कमी वासाच्या साबणाने धुवा, आणि पूर्ण कोरडा करून मगच भरा. सांगलीच्या मे महिन्यात तासाभर उन्हात ठेवला तरी पुरतं. सातारा-पाटण-महाबळेश्वर पट्ट्यात जुलैत ते होत नाही. तिथे एक जादा ट्रे ठेवा, म्हणजे धुतलेला दिवसभर पंख्याखाली सुकतो आणि मांजराची अडचण होत नाही. पावसाळ्यात लिटरची पिशवी उघडी राहिली तर हवेतली ओल पिऊन दाणे अर्धे फुगलेले असतात, मग गोळा घट्ट धरत नाही. पिशवी फोडली की घट्ट झाकणाच्या डब्यात ओता. जत-आटपाडीकडच्या कोरड्या हवेत याच लिटरचा वास निम्मा वाटतो, त्यात लिटरचं कौतुक काही नाही.

खाण्याच्या सोड्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. तळाला दोन चमचे टाकल्याने बिघडत काही नाही, पण सोडाही किंचित अल्कधर्मीच, अमोनियावर तो फारसा चालत नाही.

काय मुळीच वापरू नये, ते मात्र पाठ करावं. काळं असो वा पांढरं, फिनेल नको. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निचरता येत नाहीत. क्लोरोझायलेनॉल असलेली डेटॉलसारखी जंतुनाशकं याच कारणाने नकोत. ब्लीच अमोनियाशी मिसळलं की क्लोरामाइनचा विषारी वायू होतो, आणि ब्लीचमध्ये संडासचं ॲसिड पडलं तर क्लोरीन. वास मारायला ट्रेजवळ कापूर, डांबर गोळ्या, निलगिरीचं तेल ठेवणं हेही मांजराला विषच. उदबत्तीने वास जात नाही, दोन वास होतात.

ट्रेबाहेर केलं तर

ताजं असेल तर जुन्या सुती कापडाने किंवा वर्तमानपत्राने दाबून टिपा. घासू नका, पसरतं. मग थंड पाणी, पुन्हा टिपणं, आणि त्यावर एन्झाइमचं क्लीनर, म्हणजे लघवीतली वासाची द्रव्यं फोडणारं द्रावण. हे शिंपडून पुसायचं औषध नाही. लघवी जितकी खोल गेली तितकं तेही जायला हवं, म्हणून भरपूर ओता, डब्यावर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या आणि आपोआप सुकू द्या. गादीला यात दोन दिवसही लागतात. आधी त्या जागेवर फिनेल किंवा ब्लीच मारलं असेल तर एन्झाइम निकामी होतात, साध्या पाण्याने दोनदा धुऊन मगच लावा.

सिरॅमिक टाइल्सवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान भाग चालतं, आम्लामुळे अमोनिया मारला जातो. पण साताऱ्या-सांगलीतल्या जुन्या घरांत शहाबादी किंवा कडप्पा असतो, आणि हे दोन्ही चुनखडीचे दगड. व्हिनेगर, लिंबू, संडासचं ॲसिड यांनी दगडाचा वरचा थर खाल्ला जातो, फरशी खरखरीत होते आणि पुढची लघवी आणखी मुरते. तिथे फक्त एन्झाइम. फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट निघालं असेल तर वास तिथूनच येत राहतो. एन्झाइम सांध्यात ओता, दोन-तीन दिवस पूर्ण सुकू द्या, मग सांधे परत भरून घ्या.

जुना डाग सापडत नसेल तर रात्री दिवे बंद करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा. सुकलेली लघवी पिवळट-हिरवट चमकते. साबणाचे डागही चमकतात, म्हणून खात्रीला नाक लावाच.

ताट आणि तब्येत

शीला भयंकर वास येत असेल आणि ती पातळ असेल तर आधी दूध बंद करून बघा. मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना दूध पचत नाही, आणि आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध-चपाती. आठ दिवसांत फरक पडला नाही तर जंतांचं औषध वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या.

लघवीचा वास एकाएकी बदलला, गोळे अचानक मोठे आणि जास्त होऊ लागले किंवा मांजर ट्रेबाहेर करू लागलं, तर तपासणी करा: मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंड, मधुमेह यांतलं काहीही असू शकतं. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही, अशा वेळी उद्यापर्यंत थांबू नका. लघवी अडकली तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

काढलेलं टाकायचं कुठे

संडासात नाही, गटारात नाही. बेंटोनाइट पाण्यात फुगतं. शेततळ्याची गळती थांबवायला हीच माती वापरतात, यावरून शोषखड्ड्याचं काय होईल ते समजून घ्या. गोळे वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका आणि घंटागाडीत वेगळं बांधून द्या, ओल्या कचऱ्यात मिसळू नका. भाजीच्या वाफ्यात, परसातल्या खतात मांजराची शी घालू नये. तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची, गर्भाला घातक ठरू शकणारी बीजं असू शकतात. ती बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे रोज ट्रे काढला की धोका बराच कमी होतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. करायलाच लागलं तर हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने हात धुऊन.