जुनी गाडी ठोका द्यायला लागली तर

माझी गाडी 2008 ची, पावणेदोन लाख किमी झालेत. उन्हाळ्यात तुळजापूरचा घाट चढताना खडखड यायला लागली, डब्यात शेंगा हलवल्यासारखी, मी आपलं पेट्रोलच खराब असेल म्हणून महिनाभर तशीच रेटली आणि मग सोलापूरच्या बाळे गावाजवळ इंजिनच्या खालून ठक-ठक सुरू. तसं करू नका बे.

आधी आवाज ओळखा. चढाला येणारी आणि ॲक्सिलेटर सोडला की थांबणारी बारीक खडखड म्हणजे खरं नॉकिंग, पेट्रोल नको तेव्हा पेटतंय. पिस्टनवर कार्बन, चुकीचा प्लग, प्लगच्या ठिणगीचं टायमिंग पुढं, नाहीतर इंजिन तापतंय. आपल्याकडं मे मध्ये 42-43 डिग्री, त्यात रेडिएटर चोंदलेला आणि कूलंटच्या जागी बोअरचं पाणी, मग काय होणार! ते नीट करा, एक टाकी 95 ऑक्टेनच्या प्रीमियम पेट्रोलची टाकून बघा, घाटात खालचा गिअर घ्या. गेला आवाज तर स्वस्तात सुटलात.

वरून टिकटिक येते ती बहुतेक टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), सेटिंग करून घ्या.

भीती खालच्या ठोक्याची, जो इंजिन गरम झालं की वाढतो आणि रेस केली की भराभर पडतो. गेज काढून ऑइल बघा, ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर गाडी तिथंच बंद, टो करून न्या. मिस्त्रीला सांगा आयडलवर एकेक इंजेक्टरचं कनेक्शन काढून बघायला, ज्याचं काढल्यावर ठोका मऊ पडतो त्याच सिलेंडरचं बेरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याला, जोडतो तिथलं) गेलंय. मग ऑइल पांढऱ्या ताटलीत काढून उन्हात धरा. माझ्यात जरीसारखी चमचम होती, मी लोहचुंबक फिरवला, काही चिकटेना म्हणून खूश झालो तर मिस्त्री हसायला लागला, बेरिंगचा वरचा थर लोखंडाचा नसतोच म्हणे.

20डब्ल्यू50 हे जाड ऑइल टाक, आवाज जाईल, असं सांगणारे कट्ट्यावर दहा भेटतात. आवाज दबतो, झीज चालूच, एक दिवस रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो.

खालचं ऑइल चेंबर उघडून क्रँकवर ओरखडे आहेत का बघायला लावा. असतील तर क्रँक ग्राइंडिंग (घासून गुळगुळीत करणं) आणि त्या घटलेल्या मापाचं अंडरसाइज बेरिंग, ऑइल पंपही तेव्हाच बघून घ्या. जुनं इंजिन आणून बसवणार असाल तर त्याचा नंबर आरटीओत आरसीवर चढवावा लागतो, हे विकणारा सांगत नाही. आणि काढलेली बेरिंगं मागून घ्या, माझ्यातल्या एकाचा तांबूस थर उघडा पडला होता.